उगाली खाताना तांबडा रस्सा आठवतो

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरचे, पण मिस्टर मिशनरी म्हणून टांझानियात आहेत. सुरुवातीला लय भारी वाटलं, नंतर मात्र बाजारात भाव विचारतानासुद्धा रडू यायचं. आता सुट्टीला शाहूपुरीत माहेरी आलेय आणि परत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतोय. माझी श्रद्धाच कमी पडतीय का?

उत्तर : अगं, श्रद्धेचा काय संबंध? नव्याचे नऊ दिवस संपले की हे होतंच, याला कल्चर शॉक म्हणतात. आपल्याच कोल्हापुरात १८५२ ला अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले, पण त्याआधी ते १८४६ पासून नगरला होते, म्हणजे थेट उतरून प्रवचन सुरू असं नव्हतं. तू पण आधी तिथली स्वाहिली भाषा धर, चर्चमधली नाही, बाजारातली. म्हाताऱ्या माणसांना 'शिकामू' म्हण, ते 'मराहाबा' म्हणतील, आपल्या पाया पडण्यासारखंच ते. चुकलीस तर हसतील, हसू दे की. उगाली म्हणजे तरी काय, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याच्यासोबत तांबडा रस्सा करून शेजारणीला बोलव, कांदा-लसूण मसाला मात्र इथनंच भरून ने. आणि मिस्टरांना हे सगळं सांगितलंयस का, का फक्त मलाच लिहितीयस?