सीपीयू तापतोय? आधी घड्याळ बघा

प्रश्न : सर नमस्कार. सेलूत माझं मल्टिसर्व्हिसेसचं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म असलं सगळं. कम्प्युटर आय५ १०४०० आहे, कूलर प्रोसेसरसोबत डब्यात आलेलाच. मागच्या महिन्यापासून दुपारी दोन-तीन वाजले की आपोआप बंद पडायला लागला मनून इथल्याच एका मेकॅनिककडून साफ करून पेस्ट बदलून घेतली, तर आता सकाळी दुकान उघडलं की पाच मिनिटातच बंद पडायलाय. बायोसमध्ये ९६ डिग्री दाखवतंय. मेकॅनिक म्हणतो प्रोसेसरच चाललाय, नवीन टाका. खरंय का? टाकावाच लागंल का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : थांबा, प्रोसेसर घेऊ नका. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे, फक्त तुम्ही ते डिग्रीत शोधताय आणि ते आहे घड्याळात. आधी दुपारी बंद पडायचा, आता सकाळी सकाळी पाच मिनिटात पडतो. हे एकच दुखणं वाढलेलं नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं होतं धुळीचं, ते गेलं. दुसरं साफसफाईत नवीन आलं.

आता हे कसं ते सांगतो. पण त्याआधी एक, आपल्याकडं अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची सवय आहे, मी इथं प्रोसेसर म्हणतो ती आतली काडेपेटीहून लहान चौकोनी चिप. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा हीटसिंक, त्याच्यावर फॅन, दोन्ही मिळून कूलर. चिपची उष्णता पेस्टमधून हीटसिंकमध्ये जाते आणि फॅन ती हवेत सोडतो, एवढाच कारभार आहे. म्हणजे अडकायच्या जागा दोनच. एक तर उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये शिरत नाही, नाहीतर हीटसिंकमधून हवेत जात नाही.

हीटसिंकमधून हवेत जात नसेल तर टेम्परेचर हळूहळू चढतं. एवढा धातू तापायलाच वेळ लागतो, मग दहा-पंधरा मिनिटं, अर्धा तास चांगला चालतो, दुपारची खोली तापली की मान टाकतो. धूळ, अडकलेला फॅन, बंद कपाटात ठेवलेला डबा, सगळ्यांची चाल हीच. पण उष्णता हीटसिंकमध्ये शिरतच नसेल तर चिप एकटीच तापते, चिप केवढीशी, मिनिटभरात ९० च्या पुढं. सकाळ आहे का दुपार याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

म्हणून असं करा. रात्रभर बंद राहिलेला कम्प्युटर सकाळी चालू केला की लगेच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जा, जिथं सीपीयू टेम्परेचर दिसतं तिथं थांबा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. बायोसमध्ये विंडोजपेक्षा पाच-दहा डिग्री जास्त दिसतं, तिकडं लक्ष देऊ नका, चढतं किती वेगानं ते बघा. मग बंद करून प्लग काढायचा, फॅन थांबला की हीटसिंकच्या कडेला बोट लावायचं. स्क्रीनवर ९६ आणि हीटसिंक कोमट, म्हणजे दोघांची गाठच पडलेली नाही. हीटसिंक चटका देण्याइतका तापला असंल तर गाठ पडलीये, वारा कमी पडतोय. माझी पैज आहे तुमचा कोमट निघणार.

कारण या कूलरला चार कोपऱ्यात चार काळ्या पिना असतात आणि त्यांनी भल्याभल्यांना रडवलंय. टोपीवर बाण असतो, त्या दिशेला फिरवून वर ओढलं की पिन सुटते. परत बसवताना ती टोपी आधी उलट फिरवून मूळ जागी आणावी लागते, मग दाबायची. नेमकं हेच राहून जातं. दाबली की टक्क वाजतं, माणूस खूश, आणि पिन अडकलेलीच नसते. मेकॅनिकनं डबा उभा ठेवूनच काम केलं असंल तर वरच्या दोन पिना धरल्या आणि खालची एक लोंबकळतीये असंही होतं. तेवढ्या एका कोपऱ्यानं कूलर कागदभर उचलला तरी काम संपलं.

डबा टेबलावर आडवा झोपवा. पिना सोडवून कूलर काढा आणि जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून टाका, एकदा उचललेली पेस्ट परत चालत नाही. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बस. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नाही, ती दोन धातूंमधल्या बारीक भेगा भरायला असते. कूलरच्या बुडाला प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटलेला नाही ना तेही बघा, नव्या कूलरला तो असतो आणि काढायचा विसरणारे मी पाहिलेत. मग पिना तिरप्या जोडीनं दाबायच्या, ही आणि समोरची, मग ती आणि तिच्या समोरची. शेवटी मदरबोर्डच्या, म्हणजे प्रोसेसर ज्या पाटीवर बसतो तिच्या मागून बघायचं, चारही पांढरे पाय फाकलेले आणि मधे काळी पिन आलेली दिसली पाहिजे. एवढं दिसलं तर झालं. फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्याच जागी जोडा.

आता आकड्यांचं. या प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे, तिथं पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद होतो. म्हणजे बंद पडतोय हे तो शहाणा असल्याचं लक्षण आहे, मरायला टेकल्याचं नाही. हवेच्या कूलरनं प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही, त्यामुळं परभणीकडं बाहेर ४३ आणि पत्र्याच्या दुकानात ४० असताना नुसता बसलेला प्रोसेसर ५० दाखवत असंल तर घाबरायचं कारण नाही. पुण्यात बसून व्हिडिओ बनवणाऱ्यांचे ३५ चे आकडे बघून जीवाला घोर लावून घेऊ नका. काम करताना ८५ च्या आत राहिला तरी आपल्या उन्हाळ्यात उत्तम.

आणि धुळीचं. माझ्याकडं एकदा जिनिंगमधला कम्प्युटर आला होता. वरून फॅन चकाचक, मालकानं रोज फडक्यानं पुसलेला. फॅन उचलला तर खाली हीटसिंकच्या तोंडावर कापसाचा गालिचा, कडेला नख घालून ओढला तर अख्खाच्या अख्खा निघाला, गोधडीच्या तुकड्यासारखा, त्याच्यावर पट्ट्यांच्या रेघा उमटलेल्या. वरून बघून कधीच कळलं नसतं. तर साफ करताना फॅनच्या खाली बघायचं, ब्लोअर मारताना पातं बोटानं धरायचं म्हणजे ते गरगर फिरून खराब होत नाही, आणि पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप मारायचा नाही, त्याच्या हवेत पाणी असतं. घरच्या बाईनं प्रेमानं शिवलेलं कव्हर फक्त कम्प्युटर बंद असतानाच घाला.

प्रश्न : मी बाजूचं झाकण काढून कम्प्युटरसमोर पाण्याचा कूलर लावतो, टेम्परेचर कमी होतं. रोज केलं तर चालेल का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं कम्प्युटरला पाण्याचा कूलर, मजाय तुमची. झाकण काढून अर्धा तास बघणं ही तपासणी म्हणून झकास आहे, दहा डिग्री पडले तर समजायचं डब्यात वारा खेळत नाही, मागं बाहेर फेकणारा एक फॅन लावून झाकण परत बसवा. पण कूलर डब्यावर नको. ओली हवा आणि फुफाटा एकत्र आला की पट्ट्यांवर चिखलासारखा थर बसतो, तो ब्लोअरनं निघत नाही, आणि एखादा शिंतोडा मदरबोर्डवर गेला तर विषयच संपला. कूलर स्वतःकडं फिरवा, खिडकी उघडी ठेवा. खोली थंड झाली की डब्याला आपोआप मिळतं.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. रायझन ५ ७६००एक्स प्रोसेसर घेतलाय, रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेल्याची व्हिडिओ फाइल बनवायला लावली, की सरळ ९५ डिग्री. पेस्ट दोनदा बदलली, काही फरक नाही.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तिसऱ्यांदा बदलू नका. या मालिकेचा प्रोसेसर मुद्दामच तसा बनवलाय, ९५ पर्यंत जागा आहे तोवर तो स्पीड वाढवतच राहतो, म्हणून चांगला कूलर लावला तरी आकडा तोच आणि कामाचा वेग थोडा जास्त. तरी खोलीची भट्टी होत असंल तर बायोसमध्ये इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सेटिंग, ६५ वॉटवर ठेवा. टेम्परेचर चांगलंच उतरतं, रेंडरला थोडासाच वेळ जास्त लागतो, आणि एवीतेवी रेंडर तुम्ही रात्री लावूनच झोपता ना.