नव्या वेबसाइटसाठी पीएचपी, पायथन की नोड?

तुम्हाला जुन्या पुस्तकांच्या देवाणघेवाणीची वेबसाइट बनवायची आहे. लोक नोंदणी करतील, पुस्तकांचे फोटो टाकतील, शोध घेतील, एकमेकांना निरोप पाठवतील. तुम्हाला पायथन बऱ्यापैकी येते, पण एक मित्र म्हणतो नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) वेगवान, दुसरा म्हणतो पीएचपी संपली, आणि या गोंधळात महिना गेला.

माझं उत्तर: पायथनच घ्या, जोडीला जांगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं तयार फ्रेमवर्क. पायथन इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे असं माझं म्हणणं नाही. ती तुम्हाला येते, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण आहे.

ब्राउझरच्या बाजूला तसाही निवडीला फारसा वाव नाही; एचटीएमएल, सीएसएस आणि थोडीफार जावास्क्रिप्ट लागणारच. प्रश्न उरतो सर्व्हरचा.

वेगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण याच भीतीपोटी लोक चुकीची निवड करतात. मीही केली आहे. एका कामासाठी केवळ वेगवान म्हणून मी गो ही भाषा घेतली, तेव्हा ती मला नवीन होती. काही महिन्यांनी नोंदी वाढल्या आणि शोधाचं पान चार-पाच सेकंद अडकायला लागलं. दोन दिवस मी गोचा कोड उलटासुलटा करत बसलो. दोष निघाला डेटाबेसमध्ये. ज्या रकान्यावर शोध चालायचा, त्यावर इंडेक्सच (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नव्हता, त्यामुळे प्रत्येक वेळी अख्खा तक्ता वाचला जायचा. शिवाय यादीतल्या प्रत्येक नोंदीच्या मालकाचं नाव आणायला डेटाबेसकडे वेगळी क्वेरी, म्हणजे विचारणा, जात होती. ५० नोंदींच्या पानाला ५१ क्वेऱ्या! हीच चूक पायथनमध्ये केली असती तरी पान असंच रखडलं असतं, पण ओळखीच्या भाषेत ती मला त्याच दिवशी सापडली असती. जांगोत ही दुसरी चूक 'सिलेक्ट रिलेटेड' वापरून एका ओळीत सुटते. तुमच्या साइटवर याहून जास्त वेळ खातील ते मोबाइलवरून टाकलेले जड फोटो. ते लहान करूनच दाखवा.

जांगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका वृत्तपत्राच्या वेब विभागात तयार झालं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तिथल्या संपादकांना मजकूर भरायची सोय झटपट करून द्यावी लागे, म्हणून त्यात ॲडमिन पॅनेल तयारच मिळतं. खोट्या नोंदी काढायला, एखाद्या सदस्याला थांबवायला तुम्हाला नेमकं तेच लागणार आहे. लॉगिन आणि पासवर्ड हॅश करून (मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा रूपात) साठवणं हेही त्यात आहे. पासवर्डची व्यवस्था कृपा करून स्वतः लिहू नका. तिथली चूक तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांना भोवते.

पीएचपी संपली हे मात्र साफ चूक. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीतच लिहिलेलं आहे, वर्डप्रेसही, आणि २०१५ च्या पीएचपी ७ नंतर तिचा वेगही चांगलाच सुधारला. तुम्हाला पायथनऐवजी पीएचपी येत असती तर मी बिनदिक्कत लारावेल हे तिचं फ्रेमवर्क सुचवलं असतं.

नोड खुलते ती हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतात तिथे, जसं लाइव्ह चॅट. तुमचे निरोप पत्रासारखे आहेत, तासाभराने वाचले तरी चालतात. पुढे लाइव्ह गप्पा हव्याच झाल्या तर तेवढा भाग वेगळा करता येईल.

आवृत्ती निवडताना जांगोची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती घ्या. तिला साधारण तीन वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. डेटाबेस पोस्टग्रेस ठेवा. आणि पहिलं मायग्रेशन (डेटाबेसमध्ये तक्ते तयार करायची पायरी) चालवण्याआधी स्वतःचं यूजर मॉडेल, म्हणजे सदस्याच्या माहितीचा साचा, बनवून घ्या, आत्ता ते रिकामं राहिलं तरी हरकत नाही. पुढेमागे ईमेलने लॉगिन द्यावंसं वाटलं तर ते उपयोगी पडेल. सदस्य भरल्यावर तो बदल करणं फार किचकट होऊन बसतं.