बाम्बोच्चोने म्हणजे काय हो, ताई?

प्रश्न : ताई, माझा मुलगा ३१ वर्षांचा. मिहानमध्ये चांगल्या पगाराची नोकरी आहे, राहतो आमच्याजवळच. परवा नणंदेची मुलगी इटलीत शिकून आली. मी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होते, तर म्हणे, "मामी, हा तर पक्का बाम्बोच्चोने!" सगळे हसले, मला मात्र लागलं. आईबापाजवळ राहणं गुन्हा आहे काय? यांचे गुडघे दुखतात, कूलरमध्ये पाणी तरी हेच भरतात. पण पोरगा डोळ्यासमोर आहे, हेच आम्हाला पुष्कळ.
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : लागणारच हो. 'बाम्बोच्चो' म्हणजे गुबगुबीत बाळ. 'बाम्बोच्चोने' म्हणजे घोड्याएवढं झालेलं बाळ. शब्द गाजला २००७ मध्ये. तिथले अर्थमंत्री तोमाझो पादोआ-स्कियोप्पा तरुणांना घरभाड्यासाठी करसवलत देत होते. बोलताना म्हणाले, "या बाम्बोच्चोनींना घराबाहेर काढू या." पोरं खवळली, आणि मला तर त्यांचंच पटतं. नोकऱ्या कच्च्या, भाडी परवडत नाहीत, मग जाणार कुठं? आजही तिथं मुलं घर सोडतात ती साधारण तिशीत.

तेव्हा जवळ राहण्यात काही वावगं नाही. पण इटलीतल्याच पाविया गावातली एक गोष्ट ऐका. २०२३ मध्ये ७५ वर्षांची आई कोर्टात गेली. मुलं दोन, ४० आणि ४२ वर्षांची, दोघंही कमावती. घरखर्चाला पैसा देत नव्हती, कामाला हात लावत नव्हती. कोर्टानं दोघांना घर सोडायला लावलं. त्या बाईनं आधी मुलांना सांगून पाहिलं होतं. तुम्ही एकदा तरी सांगितलंय काय?

तुमच्या पत्रात इस्त्रीपेक्षा तो कूलरच माझ्या मनात राहिला. मे महिना, पारा ४५ वर, दुखऱ्या गुडघ्यांनी बाप पाण्याचा पाइप ओढतोय आणि त्याच कूलरच्या हवेत कमावता मुलगा झोपलाय. त्याचं वाईट मन आहे असं मी म्हणत नाही. त्याला ते काम कुणी कधी दिलंच नाही.

कूलरच्या ताट्या बदलायच्या असतील ना? बर्डीवरून त्यालाच आणू द्या, त्यालाच बसवू द्या, रोजचं पाणीही त्याच्याकडेच. यांना खुर्चीतून उठू देऊ नका. पाणी सांडेल, ताटी वाकडी बसेल. तुम्ही फडकं घेऊन धावू नका.