‘कां’वरचं टिंब आणि अकरा हजार रुपये

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी चिपळूणला राहते, वय ४७. बारा वर्षं घरबसल्या मुद्रितशोधन करते, मधूनमधून भाषांतरंही. २०२१च्या जुलैतल्या पुरात टेबलावरचा संगणक मॉनिटरसकट गेला. तेव्हापासून भावाच्या जुन्या लॅपटॉपवर भागवते आहे, पण आता त्याचा चार्जर वाकडा धरला तरच लागतो. दुकानात तीन लॅपटॉप दाखवले. पहिला ५४ हजारांचा, १५.६ इंची. दुसरा १४ इंची, ६५ हजारांचा. आतलं सगळं पहिल्यासारखंच, रॅम १६ जीबी, डिस्क ५१२, फक्त ‘स्क्रीन भारी आहे’ म्हणाले. तिसरा ओलेड, ७४ हजार. मुलगा म्हणतो, घेतेस तर ओलेडच घे. यजमान म्हणतात, तुला पांढऱ्यावर काळं दिसल्याशी कारण, अकरा हजार कशाला घालवतेस? मला पानामागे ३० रुपये मिळतात. पडवीत बसून काम करते, पाठीमागे खिडकी आहे. पावसाळ्यात वीज जाते ती जातेच. दुकानदाराने दिलेला कागद सोबत जोडला आहे. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचं वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत असे. सदाशिव पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. अक्षरं जुळवायची तर स्क्रीन कसली बघायची, असं माझं मत होतं. २०१३ साली मी १५.६ इंची लॅपटॉप घेतला, १३६६ × ७६८चा. फुल एचडीवाला सात हजारांनी महाग होता, म्हणून सोडला. त्या लॅपटॉपवर एक लग्नपत्रिका जुळवली. तीनदा वाचली. छापून झाल्यावर मुलीचे आजोबा दुकानात आले. निवृत्त संस्कृत शिक्षक. काही बोलले नाहीत. पत्रिका टेबलावर ठेवली आणि ‘चि. सौ. का.’ या अक्षरांखाली नखाने एक रेघ ओढली. ‘कां’वरचं टिंब नव्हतं. सहाशे पत्रिका पुन्हा छापल्या, पदरचे साडेचार हजार गेले.

सगळा दोष स्क्रीनचा नव्हता. प्रिंट काढून वाचायला हवी होती, तो माझा आळस. पण १५.६ इंचांत १३६६ ठिपके म्हणजे इंचाला जेमतेम शंभर. अकरा पॉइंटचं अक्षर त्यात पंधरा-सोळा ठिपक्यांत बसतं आणि अनुस्वाराच्या वाट्याला येतात दोन. ते दोन ठिपके वेलांटीला किंवा वरच्या ओळीच्या उकाराला चिकटले, की आहेत काय नि नाहीत काय. इंग्रजीत अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी आपल्याइतकं काही लटकत नसतं. ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘विशिष्ट’ आणि ‘कनिष्ठ’, ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ यांतले फरक पकडायचे पैसे तुम्हाला मिळतात. म्हणजे पांढऱ्यावर काळं दिसून तुमचं भागत नाही, काळ्यातलं काळं दिसायला हवं.

आता तुमचा कागद. पहिल्या लॅपटॉपपुढे ‘फुल एचडी, अँटी-ग्लेअर’ असं मोठ्या अक्षरांत आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘२५० निट्स, ४५% एनटीएससी’. दुकानदार मोठं वाचून दाखवतो, आपण बारीक वाचायचं. फुल एचडी म्हणजे फक्त ठिपक्यांची मोजदाद, १९२० × १०८०. ते ठिपके किती उजळ, रंग किती खरे, बाजूने पाहिल्यावर काय होतं, यातलं काहीच त्या शब्दात नाही. माझ्या २०१३च्या चुकीचं उत्तर हा लॅपटॉपही देतो, कारण त्यात इंचाला १४१ ठिपके आहेत. अनुस्वार दिसेल. म्हणून त्याला टाकाऊ म्हणणार नाही.

अडचण आहे ती उजेडाची. निट्स म्हणजे पडद्याच्या उजळपणाचं माप. बंद खोलीत, रात्री, २५० पुष्कळ होतात. मी तर रात्री शंभर-सव्वाशेच्या आसपासच ठेवतो. पण तुम्ही पडवीत बसता आणि खिडकी पाठीमागे आहे. दिवसा तो सगळा उजेड पडद्यावर येणार. २५० निट्सचा पडदा तिथे पूर्ण उजळला तरी पांढरं पान राखाडी दिसेल, आणि राखाडीवरचं काळं वाचायला आपण नकळत मान पुढे काढतो. तुमच्या मानेचं दुखणं पत्रात नाही, पण असणार, असं मी धरून चालतो. दुसऱ्या लॅपटॉपचे ४०० निट्स आणि मॅट पडदा इथे खरंच कामाला येतात.

‘४५ टक्के एनटीएससी’बद्दल थोडं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं माप. आजचे फोटो आणि वेबपानं ज्या रंगांत बनतात ते एसआरजीबी, १९९६चं. एनटीएससीचे ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी; ४५ टक्के म्हणजे त्यातले साठ-पासष्ट. अशा पडद्यावर कुंकू विटकरी दिसतं. मुखपृष्ठं करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तुम्हाला रंगाशी काय करायचं? फारसं काही नाही. वर्डमधल्या लाल दुरुस्त्या आणि पिवळे पट्टे जरा मळकट दिसतील, इतकंच. तरी मी हा आकडा बघतो, कारण ४५ टक्के लिहिलेलं असलं की बहुधा कंपनीने तिच्याकडचा सगळ्यात स्वस्त पडदा लावलेला असतो. मग बाकीच्या गोष्टींतही काटकसर निघते. तुमच्या कागदावर दुसऱ्यापुढे ‘आयपीएस’ लिहिलंय, म्हणजे बाजूने पाहिलं तरी फारसा न बदलणारा पडदा; पहिल्यापुढे काहीच नाही. तो टीएन, म्हणजे जुन्या स्वस्त जातीचा, असला तर झाकण थोडं मागे केलं की पानाचा एक भाग काळवंडतो, आणि तो सरळ करावा तर दुसरा भाग धुरकट होतो. पानाचं वरचं टोक एका रंगाचं, खालचं दुसऱ्या.

१५.६वरून १४ इंचांवर यायचं म्हणजे अक्षर बारीक होणार, ही भीती तुमच्या मनात असेलच. मी मोजून पाहिलं. १५.६ इंची फुल एचडी पडद्याची उंची साधारण १९.४ सेंटिमीटर. १४ इंची १९२० × १२०० पडद्याची १८.८. म्हणजे उंचीत करंगळीच्या नखाएवढाही फरक नाही. कमी होते ती रुंदी, साधारण ४.४ सेंटिमीटरने, आणि पुस्तकाचं उभं पान उघडलं की तिथे एरवीही राखाडी पट्टाच असतो. इंचाला ठिपके मात्र १६२ मिळतात. मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी उघडून बसाल तेव्हा ती रुंदी आठवेल, हेही सांगून ठेवतो.

ओलेडबद्दल चिरंजीवांचं चुकत नाही. पाहायला त्याच्यासारखा पडदा नाही. काळा म्हणजे खरोखर काळा, कारण तिथला ठिपका विझलेलाच असतो. पण हे सिनेमासाठी. तुमच्यासमोर दिवसभर वर्डचं पांढरं पान असणार, म्हणजे जवळजवळ सगळे ठिपके सतत पेटलेले. ओलेडला पांढऱ्यावरच बॅटरी जास्त लागते. खालची टास्कबार वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली तर तिचा डाग उमटण्याचा धोका असतो. नव्या पडद्यांत त्यावर उपाय केलेले आहेत, पण धोका शून्य नाही. उजेड कमी केला की बरेचसे ओलेड पडदे फार वेगाने लुकलुकतात. ते डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. तुम्हाला अर्धशिशी असेल तर हा विषय इथेच मिटवा. आणि तुमच्या कागदावर ‘ग्लॉसी’ लिहिलंय. पाठीमागे खिडकी, समोर आरसा. प्रूफ तपासायला बसाल आणि अंगणातली सुपारी मोजाल.

खरं तर माझा नेहमीचा सल्ला वेगळा असतो. ज्याची जागा ठरलेली आहे, त्याने स्वस्त लॅपटॉप घ्यावा आणि उरलेल्या पैशांत २४ इंची आयपीएस मॉनिटर आणावा. अकरा हजारांच्या आत बरा मिळतो, दोन पानं शेजारी शेजारी दिसतात, मान सरळ राहते. पण तुमची वीज जाते, आणि ती गेल्यावर मॉनिटर म्हणजे नुसती काळी पाटी. शिवाय तुमच्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये घरातली कुठली वस्तू चटकन माडीवर नेता येईल, हा प्रश्न पुण्यात बसून मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. लॅपटॉप एका काखेत जातो.

म्हणून दुसरा घ्या, ६५ हजारांचा. अकरा हजार म्हणजे तुमची जवळपास पावणेचारशे पानांची मजुरी, दीड पुस्तक. दिवसाला सहा रुपये पडतात वगैरे हिशोब मी करणार नाही, तो दुकानदार करतोच, आणि अशा हिशोबाने माणूस हत्तीही विकत घेईल. मी एवढंच बघतो की पुढेमागे काय बदलता येईल. डिस्क मोठी घालता येते. काही लॅपटॉपमध्ये रॅमही वाढवता येते, काहींत ती मदरबोर्डवरच पक्की चिकटवलेली असते, तेवढं विचारून घ्या. १६ तुम्हाला पुरे आहे. पण हलका पडदा काढून भारी बसवणं हे दुकानात कोणी सहसा करून देत नाही, आणि दिलं तरी त्याची वॉरंटी कोण घेणार?

पैसे देण्याआधी मात्र एक दुपार खर्च करा. दुकानातले लॅपटॉप पोपट आणि फुलं दाखवत असतात; काळ्या पार्श्वभूमीवर पोपट कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो. पेनड्राइव्हवर तुमची एखादी प्रूफाची पीडीएफ न्या, तळटीपा असलेली. दोन्ही लॅपटॉपवर शंभर टक्क्यांवर उघडा. मग ते उचलून दुकानाच्या दाराशी, उजेडाकडे पाठ करून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. झाकण पुढे-मागे करा, बाजूला सरकून बघा. तळटीपेतला ‘ष्ठ’ चष्मा न सरसावता ओळखता आला पाहिजे. त्यात तुम्हाला दोघांत फरकच जाणवला नाही, तर माझं सगळं वरचं पुराण बाजूला ठेवा आणि ५४ हजारांचा घेऊन घरी या.

आणि एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या दोन-तीन तऱ्हेचे पडदे घालून विकतात. नाव तेच, खोक्यावरचा लांबलचक मॉडेल नंबर वेगळा. दाखवला तोच नंबर बिलावर आला का, ते ताडून घ्या. एका ओळखीच्यांना दाखवला ४०० निट्सचा आणि घरी आला २५०चा; मॉडेल नंबरातलं शेवटून तिसरं अक्षर बदललेलं होतं. हेही शेवटी मुद्रितशोधनच.

तुमचं वय ४७ लिहिलंय म्हणून विचारतो, चाळिशीचा नंबर कधी तपासला? वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकासाठी असतो, दीड-दोन वीत अंतराचा. लॅपटॉप त्याहून लांब असतो. माझा स्वतःचा नंबर त्या अंतरासाठी वेगळा काढून घेतला, तेव्हा जुनी स्क्रीनसुद्धा सुधारल्यासारखी वाटली. तो चष्मा आधी, लॅपटॉप नंतर. आणि टेबल वळवून खिडकी डाव्या हाताला घ्या. त्याला काही पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी लातूरचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ६० हर्ट्झऐवजी १४४ हर्ट्झच्या स्क्रीनसाठी सहा हजार जास्त मागतात. कोडिंग करतो, थोडं गेमिंग. घेऊ का?

उत्तर : ‘थोडं’ म्हणजे किती, ते तुझं तुला माहीत. १४४ हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला १४४ वेळा नवं होतं. पण ग्राफिक्स कार्डाने तेवढी चित्रं बनवून द्यायला हवीत ना? ते जर सेकंदाला पन्नास बनवत असेल, तर पडद्याच्या त्या घाईचा गेममध्ये उपयोग नाही. कोड वर-खाली सरकवताना गुळगुळीत वाटतं, एवढं खरं. त्या सहा हजारांत रॅम ८ची १६ होणार असेल तर आधी ती कर.

प्रश्न : मी नाशिकचा, निवृत्त बँक कर्मचारी. दुकानदार ‘ब्लू लाइट’ अडवणारी काच बसवून घ्या म्हणतो, १,८०० रुपये. डोळे कोरडे पडतात, त्याला उपयोग होईल का?

उत्तर : नाही होणार, काका. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ साली आढावा घेतला. डोळ्यांचा शीण त्याने कमी होतो असं काही त्यात हाती लागलं नाही. काच झाली तरी निळा प्रकाशच अडवणार. डोळे कोरडे पडतात कारण पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायला नेत्रतज्ज्ञ सांगतात. पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येत असेल तर त्याचं तोंड दुसरीकडे वळवा. काच आधीच बसवली असेल तर काढून ठेवा, उजेड खाते ती.