आठवणी न्यूरॉनच्या जोडण्यांमध्ये असतात, तर जीन्सचा काय संबंध?

जीन्स तर जन्मापासून ठरलेली, मग काल शिकलेल्या गोष्टीत त्यांचं काय काम, असं तुम्ही विचारलंय. डीएनए बदलत नाही हे बरोबरच आहे, पण कुठलं जीन कधी चालू, कधी बंद हे सतत बदलत असतं, आणि न्यूरॉनमध्ये ते बऱ्याच अंशी सिनॅप्सवर, म्हणजे दोन न्यूरॉनच्या जोडणीवर, काय चाललंय त्यावर ठरतं.

होतं काय, दोन न्यूरॉन एकदम जोरात फायर झाले, म्हणजे त्यांनी विद्युत संदेश सोडले, की सिनॅप्सवरची एनएमडीए रिसेप्टर नावाची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि तो सिनॅप्स तिथल्या तिथे मजबूत होतो, यासाठी नवीन जीन वगैरे चालू व्हावं लागत नाही, पण हे काही तासांत विरून जातं. टिकवायचं तर निरोप न्यूक्लियसपर्यंत, म्हणजे पेशीच्या डीएनए असलेल्या केंद्रापर्यंत, जावा लागतो, तिथे जीन्स चालू करणारं क्रेब नावाचं प्रोटीन कामाला लागतं, काही मिनिटांत सी-फॉस, आर्क अशी जीन्स चालू होतात, नवीन प्रोटीन बनतात. 1960 च्या दशकात गोल्डफिशना शिकवल्यावर लगेच प्रोटीन बनणं थांबवणारं औषध दिलं, तर मासे शिकले व्यवस्थित पण नंतर सगळं विसरले. पुढे एरिक कँडेल या मेंदूशास्त्रज्ञांनी समुद्री गोगलगायीत यामागची साखळी उलगडली, 2000 चं नोबेल त्यांना मिळालं.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. न्यूक्लियस एक, सिनॅप्स हजारो, मग प्रोटीनला कळतं कसं कुठे जायचं? 1997 मध्ये फ्रे आणि मॉरिस या शास्त्रज्ञांनी दाखवलं की नुकताच वापरलेला सिनॅप्स स्वतःवर थोडा वेळ एक खूण ठेवतो आणि तिथेच ते प्रोटीन पकडलं जातं.

आता आजारांचं. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ अडवणाऱ्या आनुवंशिक आजारात एफएमआर1 जीनमधला सीजीजी हा डीएनएच्या तीन अक्षरांचा तुकडा 200 पेक्षा जास्त वेळा रिपीट होतो आणि जीन बंद पडतं. त्याचं प्रोटीन म्हणजे सिनॅप्सजवळच्या प्रोटीन बनवण्यावरचा ब्रेक, तोच गेल्यामुळे तिथे नको इतकी प्रोटीन बनतात. म्हणजे जास्त प्रोटीन म्हणजे जास्त मेमरी असं अजिबात नाही.

रेट सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या गंभीर आजारात बिघाड एमईसीपी2 या जीनमध्ये असतो, जे इतर जीन्सवर कंट्रोल ठेवतं. 2007 मध्ये उंदरांत हे जीन मोठेपणी परत चालू केल्यावर बरीच लक्षणं मागे फिरली, म्हणजे न्यूरॉन मेलेले नव्हते! पण माणसांत लगेच तसं करता येत नाही, कारण याच जीनची एक कॉपी जास्त असली तरी वेगळा गंभीर आजार होतो, त्यामुळे जीन थेरपीत डोस नेमका ठेवणं हीच मोठी डोकेदुखी आहे.