फसलेले तीन रन

पोरी,

परवा दांडिया बाजारात भेटलीस तेव्हा विचारत होतीस की काका, ब्रेस्ट कॅन्सरसाठी हार्मोन अडवणाऱ्या गोळ्यांवर काम चालतं त्या लॅबमध्ये जाऊ की मकरपुऱ्यात सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा रबरी लेप, बनवणाऱ्यांकडे. पण बोलता बोलता म्हणालीस की प्रोजेक्टमधले तीन फसलेले रन वहीत घेतलेच नाहीत, सर म्हणाले रिपोर्ट स्वच्छ दिसायला हवा. मला रात्री झोप लागली नाही बघ.

कुठेही जा, पण फसलेलं लिही.

अगं सीलंट ज्याचं करतात ते पॉलिसल्फाइड रबर आलं कुठून? जोसेफ पॅट्रिक नावाचा केमिस्ट अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, करायला बसला होता, इथिलीन डायक्लोराइड आणि सोडियम पॉलिसल्फाइड, आणि हाती आला रबरासारखा घाण वासाचा गोळा, तो त्याने टाकला नाही म्हणून पुढे थायोकॉल नावाचं रबर झालं आणि विमानाच्या इंधनटाक्या त्याच जातीच्या सीलंटने सील व्हायला लागल्या. तुझ्या दुसऱ्या वाटेवरही तेच. टॅमॉक्सिफेन गर्भनिरोधक म्हणून सुरू झालं, बायकांमध्ये उलट बीज सुटायला मदत करायला लागलं, आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रेस्ट कॅन्सरवर मंजूर झालं. फुलवेस्ट्रंट हे त्याच आजारावरचं पुढचं औषध, ते तोंडाने घेऊन नीट शोषलं जात नाही म्हणून इंजेक्शन घ्यावं लागतं, त्या जातीची पहिली गोळी, एलासेस्ट्रंट, अमेरिकेत मंजूर व्हायला २०२३ उजाडलं. मधे कितीतरी रेणू पडले, ते कुणीतरी लिहून ठेवले म्हणून पुढच्याला रस्ता दिसला ना!

मी लिहिलं नव्हतं. एका पावसाळ्यात माझी सीलंटची बॅच चार दिवस झाले तरी चिकटच. सीलंट घट्ट करणाऱ्या क्युरिंग पेस्टमधला मँगनीज डायऑक्साइड ड्रमच्या तळाशी बसलेला, मी नीट न ढवळता वरवरची पेस्ट घेतली, १०० भाग बेस पॉलिमरला, म्हणजे मूळ रबराला, १० भाग अशी वजनाने बरोबर मोजली, पण तिच्यात दम कुठला. मला कळलं होतं. तरी ते पान मी फाडलं. नोकरी नवी, घरी वडील आजारी, साहेब तापट, माझ्या जागी दुसऱ्याने काय केलं असतं सांग. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिफ्टच्या पोराला तसंच झालं, तो दोन महिने बेस पॉलिमरमध्ये दोष शोधत बसला, मी गप्प. तो नोकरी सोडून गेला. अजून सलतं ते.

म्हणून चिडतो तुझ्यावर. लिही म्हणजे लिही, पेनाने, त्याच दिवशी.

रविवारी वही घेऊन ये. ते तिन्ही रन आठवतायत तोवर आजची तारीख घालून, नंतर नोंदवले असं स्पष्ट लिहून उतरवू, तापमान, वेळ, वास, रंग, सगळं. सरांना काय सांगायचं तेही बघू. नोकरीचं त्यानंतर.

काका