बाय, आधी कंट्रोल बघ

प्रिय बाय,

सोमवारपासून लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाच्या, तपासण्या तुझ्याकडे येणार, हे तुझ्या आईने फोंड्याच्या बाजारात सांगितलं. खूप बरं वाटलं. तू रुजू होण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे.

जठराच्या अस्तरात होणाऱ्या माल्ट लिम्फोमात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू औषधांनी घालवला की बहुतेकांची गाठ हळूहळू विरते. पण ११ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल (ट्रान्सलोकेशन) होऊन बीआयआरसी३ आणि माल्ट१ ही जनुकं जोडली गेली असतील, तर गाठ सहसा विरत नाही. म्हणून डॉक्टर आपल्या अहवालातल्या एका ओळीकडे डोळे लावून बसलेले असतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत चवथीच्या सुट्टीत एक बायोप्सी ५ दिवस फॉर्मालिनमध्येच, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवातच, राहिली. तिच्यावर मी आरटी-पीसीआर, म्हणजे आरएनएवरून जोडलेली जनुकं शोधणारी तपासणी, केली. त्या जोडीचा बँड (पट्टा) दिसला नाही, 'ट्रान्सलोकेशन नाही' लिहून मोकळी झाले. नमुना चांगला असेल तर दिसायलाच हवा अशा कंट्रोल जनुकाचा बँडही आला नव्हता. तो मी पाहिला होता ग, पण थांबले नाही. महिने गेले, गाठ तशीच. मग दुसरीकडे बायोप्सीच्या त्याच मेणाच्या ब्लॉकवर फिश, म्हणजे जनुकांवर चमकणारे ठिपके लावून बघायची तपासणी, केली आणि ट्रान्सलोकेशन निघालं. सत्तरी तालुक्यातून पहाटेच्या बसने येणारा तो माणूस मला अजून दिसतो.

कंट्रोल आला नाही तर उत्तर 'नाही' नसतं, 'तपासणी झाली नाही' असं असतं. तसंच लिही, कुणी कितीही घाई केली तरी. फॉर्मालिनमध्ये आरएनएचे तुकडे पडतात, म्हणून आखूड भागाच्या प्रती वाढवणारे प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) घे. बीआयआरसी३ बहुधा ठरावीक जागी तुटतं, माल्ट१ मात्र वेगवेगळ्या जागी. प्रायमरच्या एकाच जोडीवर विसंबलीस तर काही रुग्ण निसटतील.

फिशला आरएनए लागत नाही, जुन्या ब्लॉकवर माझा भरवसा तिच्यावरच. माल्ट१ च्या दोन बाजूंना दोन रंगांचे ठिपके लावणाऱ्या ब्रेक-अपार्ट प्रोबने जनुक तुटलंय एवढंच कळतं. जोडीदार १४ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचाही असू शकतो, म्हणून पुढे दोन्ही जनुकं एकत्र आलीत का दाखवणारा फ्यूजन प्रोब लाव. ब्लॉकच्या ४ मायक्रॉनच्या पातळ कापात (सेक्शनमध्ये) पेशींची केंद्रकं कापलेली, एकमेकांवर चढलेली असतात आणि ठिपके उगाच चिकटलेले दिसतात. आधी निरोगी जठराच्या सेक्शनवर मोजून, किती केंद्रकांत असं दिसलं तर खरं धरायचं, ती तुझी मर्यादा ठरव.

आणि सोमवारी पहिला ब्लॉक आला की फॉर्मवर फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ आहे का बघ. नसेल तर एंडोस्कोपीच्या सिस्टरना फोन करून विचार.

तुझी,
मावशी